धुऱ्यावरचा बिबट

"प्रज्ञाताई, आपला बिबट गावात आला."

सकाळचे सात वाजले होते. मी चहा गाळत होते. फोनवर खेमराज होता. चेष्टा करतोय असं मला वाटलं.

"आपला म्हणजे?"

"आपला म्हणजे आपलाच. तुमी बनवलेला. कालपासून व्हॉट्सअ‍ॅपवर फिरून राहिला. लोक म्हनतात खरा आहे. आज रोवन्याले एक बी बाई गेली नाही. आन् ताई, दुलीचंदभाऊ तार लावतो म्हनून राहिला. करंटची."

मी गॅस बंद केला.

करंटची तार म्हणजे काय हे आमच्याकडे कुणाला सांगावं लागत नाही. तुम्हाला सांगते. रानडुक्कर पिकात शिरू नये म्हणून काही जण शेताभोवती उघडी तार ओढतात आणि विजेच्या लाइनवर आकडा टाकून तिच्यात करंट सोडतात. हा गुन्हा आहे, सगळ्यांना माहीत आहे. तारेने डुक्कर मरतं. कधी गाय मरते, कधी माणूस मरतो. त्यात हे रोवणीचे, म्हणजे धानाची रोपं लावायचे, दिवस. बांधी, म्हणजे आमचं धानाचं शेत, पाण्याने भरलेली. बाया दिवसभर त्या पाण्यात उभ्या.

"तू तिथं जाऊन सांग ना, की ते फिल्मचं आहे," मी म्हणाले.

"सांगतो कसा? शूटिंग त्याच्याच बांधीत केली ना मी. इचारलं नव्हतं. मले पयले मारतील, मंग आयकतील. तुमी चाला. कम्प्युटर घेऊन चाला."

मी रोटो आर्टिस्ट आहे. हैदराबादच्या एका स्टुडिओत आठ वर्षं काम केलं. मग कामं कमी झाली, कंपनीने घरून काम करा म्हटलं, आणि मी गोरेगावला आले ती आलेच. फोनवर गोरेगाव म्हटलं की बाहेरच्या क्लायंटला मुंबईतलं वाटतं. मी दुरुस्त करत नाही. आमचं गोरेगाव गोंदिया जिल्ह्यातलं, तालुक्याचं, चारी बाजूंनी धान. वडील एसटीच्या डेपोतून मेकॅनिक म्हणून रिटायर झाले. मी दिवसभर स्क्रीनसमोर बसून काय करते हे कळायला त्यांना दोन वर्षं लागली. आता ते पाहुण्यांना सांगतात, "पोरगी सिनेमातले मानसं कापते."

चूक काही नाही त्यात. रोटो म्हणजे कात्रीकामच. व्हिडिओच्या एका सेकंदात पंचवीस चित्रं असतात, त्यांना फ्रेम म्हणतात. हिरोच्या मागचं दृश्य बदलायचं असेल तर आधी प्रत्येक फ्रेममधून हिरो कापून वेगळा करावा लागतो. त्याच्या कडेकडेने ठिपके टाकत रेघ ओढायची. पुढच्या फ्रेममध्ये तो हलतो, मग ठिपके हलवायचे. डोकं वेगळं, हात वेगळा, बोटं वेगळी. हल्ली एका क्लिकवर कापून देणारी टूल्स आली आहेत. मीही वापरते. सोपं काम ती करतात, उरलेलं माझ्याकडे येतं.

खेमराज नागझिऱ्यात गाईड आहे. पावसाळ्यात अभयारण्य बंद असतं. ते तीन महिने तो मोबाइलवर फिल्म बनवतो. कॅमेरा तोच, डायरेक्टर तोच, हिरॉईन त्याची बायको निर्मला. यंदाची गोष्ट साधी होती. एक बाई एकटीच धान रोवत असते. धुऱ्यावर बिबट येतो. धुरा म्हणजे बांधीचा बांध. दोघं एकमेकांकडे बघतात. ती पळत नाही, ओरडत नाही. तो आपल्या वाटेने निघून जातो. संपलं. लोकांनी बिबट दिसला म्हणून घाबरून धावाधाव करू नये, हे त्याला सांगायचं होतं.

बिबट त्याच्याकडे होता. नागपूरच्या एका पर्यटकाने उन्हाळ्यात चांगल्या कॅमेऱ्यावर घेतलेली क्लिप त्याने मागून ठेवली होती. जंगलातल्या रस्त्यावरून आडवा चालणारा बिबट, सहा सेकंद. मला तो बिबट कापून धुऱ्यावर ठेवायचा होता.

सहा सेकंद म्हणजे दीडशे फ्रेम. टूलला आधी बसवून बघितलं. ठिपक्यांचं अंग आणि मागे वाळलेलं गवत, त्याने अर्धं गवत बिबटात घेतलं आणि शेपूट गवतात टाकून दिली. मग हाताने केलं. चार पाय, चार वेगळ्या रेघा. शेपटीला एकटीला दीड दिवस लागला. नंतर निर्मलाची वाकलेली पाठ आणि धुऱ्याजवळचा बांबूचा खुंटा कापला, कारण बिबट त्यांच्या मागून जायला हवा. उन्हाळ्यातलं ऊन होतं, त्याचा रंग ढगाळ सकाळसारखा केला. पंजांखाली थोडी काळसर छाया दिली, नाहीतर जनावर तरंगल्यासारखं दिसतं. एकूण अकरा दिवस. काम चांगलं झालं होतं. हे मी माझ्या कामाबद्दल सहसा म्हणत नाही.

प्रीव्ह्यू, म्हणजे क्लायंटने बघून हो म्हणावं म्हणून पाठवायचा कच्चा नमुना, मी खेमराजला व्हॉट्सअ‍ॅपवर पाठवला. त्याने आनंदाने तीन मित्रांना पाठवला. त्यातल्या एकाने स्टेटसला ठेवला. संध्याकाळपर्यंत कुणीतरी त्याला स्वतःचा आवाज जोडला होता: "सावधान, सावधान, आपल्या भागात बिबट, बाई थोडक्यात वाचली." बाई पाठमोरी होती, त्यामुळे ती कोण, याची तीन नावं गावात तयार होती. आणि धुरा गावातल्या सगळ्यांनी ओळखला होता.

लॅपटॉप दोन प्लास्टिकच्या पिशव्यांत गुंडाळला आणि स्कूटीवर निघाले. गाव दहा-बारा किलोमीटरवर. नाव लिहीत नाही. फाट्यावर खेमराज उभा होता आणि त्याच्यासोबत वनरक्षक मडावी मॅडम. खेमराजने त्यांना फोन केला होता, ते बरं केलं.

मॅडमनी माझ्याकडे बघून विचारलं, "हे तुम्ही बनवलं?"

"हो."

"मीही फसले. काल रात्रीच साहेबांना पाठवला मी." त्या हसल्या नाहीत. "चला."

वाटेत दोन्ही बाजूंच्या बांध्या रिकाम्या होत्या. एरवी या दिवसांत रस्त्यावरून जाताना ओळीने वाकलेल्या बाया दिसतात. पऱ्ह्याच्या, म्हणजे रोपांच्या, पेंड्या उपटून धुऱ्यावर टाकलेल्या होत्या. पेंड्या अशा पडून राहिल्या की पिवळ्या पडतात.

समाजमंदिरात पन्नासेक माणसं होती. पुरुष आत, बाया दारात आणि ओसरीत. दुलीचंदभाऊ पन्नाशीचे, बारीक, हातात टॉर्च घेऊन बसले होते. दिवसाउजेडी टॉर्च कशाला, हे विचारायची गरज नव्हती. माणूस रात्रभर जागला होता.

मॅडमनी आधी सांगितलं, की व्हिडिओ खोटा आहे, फिल्मसाठी बनवला आहे, या ताईंनी बनवला आहे. सगळ्यांनी माझ्याकडे बघितलं. मग खेमराजकडे.

दुलीचंदभाऊ म्हणाले, "दोन वर्साआधी माह्या दोन बकऱ्या नेल्या. तवा बी तुमचे साहेब बिबट नाही म्हनत होते. कुत्रा असंल म्हने."

"तेव्हाचं वेगळं, भाऊ. हा खरंच—"

"मानूस मेल्यावर येता तुमी लोक. कागद घेऊन."

मॅडमनी मला लॅपटॉप काढायची खूण केली. 

मी लॅपटॉप उघडला. समाजमंदिरात टीव्ही होता, केबल माझ्याकडे होती. शॉट मोठ्या पडद्यावर लावला. बिबट धुऱ्यावरून चालत गेला. बाया एकदम मागे सरकल्या.

"आता बघा," मी म्हणाले. सॉफ्टवेअरमध्ये प्रत्येक कापलेली गोष्ट वेगळ्या पारदर्शक कागदावर ठेवल्यासारखी असते. त्याला लेयर म्हणतात. मी बिबटाचा लेयर बंद केला. पडद्यावर नुसता धुरा राहिला. निर्मला कुणाकडे तरी बघत होती, तिथं कुणी नव्हतं. परत लेयर चालू केला, बिबट आला. बंद केला, गेला.

मला वाटलं, झालं काम. इतकं सोपं करून मी हैदराबादच्या क्लायंटलाही कधी दाखवलं नव्हतं.

 मग मागून एक जण म्हणाला, "म्हंजे तुमी बिबट काढून टाकला."

"नाही, काढला नाही. तो आधी नव्हताच. मी टाकला."

"आता तर काढला ना डोऱ्यासमोर. फारेस्टवाल्यांनी सांगितलं असंल काढाले."

मी नागझिऱ्याची मूळ क्लिप लावली. तोच बिबट, तेच ठिपके, जंगलातला रस्ता.

"हा तिकडचा बिबट होय," दुसरा म्हणाला. "आमचा वेगळा."

तिसऱ्याने पहाटे स्वतः डरकाळी ऐकली होती. चौथ्याच्या बांधीत पंजे उमटले होते. मॅडमनी मोबाइलवर त्यांचा फोटो बघितला आणि कुत्र्याचे आहेत म्हणाल्या. कुत्रा हा शब्द तिथं चालण्यासारखा नव्हता.

दुलीचंदभाऊ उठले. आवाज चढवला नाही त्यांनी. "बाई, कम्प्युटरवर काय बी दाखवता येते."

"भाऊ, मी सकाळपासून तेच सांगून राहिली," मी म्हणाले.

दोघं-तिघं हसले. दुलीचंदभाऊ नाही. "माहे पऱ्हे पडून आहेत. बाया येत नाही. उद्या-परवा पऱ्हे गेले तर तुमी देनार का? रातच्याले तार जोडतो आन् मंग बाया आनतो कामाले. बिबट मरो नाही तं पळो."

मडावी मॅडम म्हणाल्या, "जोडतो म्हणजे? तार बांधली आहे?"

दुलीचंदभाऊ हातातल्या टॉर्चचं बटण खालीवर करत राहिले. ते पुरेसं होतं.

 पुढं काय दाखवायचं ते मला सुचेना. माझ्याकडे अकरा दिवसांचं काम होतं, दीडशे फ्रेम होत्या, प्रत्येक ठिपका मी टाकला होता, आणि ते सिद्ध करायचा एकही मार्ग नव्हता. जितकं उघडून दाखवत होते तितकं लोकांना ते जास्त खरं वाटत होतं.

तेवढ्यात दारातून आवाज आला. "पुन्हा लावा बरं ते."

चाळिशीची बाई होती. लुगडं गुडघ्यापर्यंत खोचलेलं, म्हणजे निकाल लागला की कामावर जायच्या तयारीने आलेली. नंतर कळलं, सत्यकलाबाई. गावातल्या रोवणीच्या बायांची टोळी त्यांच्या शब्दावर चालते. त्यांनी नाही म्हटलं म्हणून आज कुणी गेलं नव्हतं.

मी लावलं. त्या टीव्हीजवळ आल्या. "पुन्हा."

पुन्हा लावलं.

"थांबवा. इथं." त्यांनी पडद्यावर बोट ठेवलं. "ही बाई पान्यात दिसून राहिली. बरोबर? वाकली, तर तिची सावली बी वाकली. हा खुंटा बी दिसून राहिला पान्यात. धुऱ्यावरचं गवत दिसून राहिलं." बोट सरकलं आणि बिबटाच्या बरोबर खाली थांबलं. "मंग हा काऊन नाही दिसून राहिला?"

मी बघितलं. पाण्यात आभाळ होतं. नुसतं पांढरं आभाळ.

प्रतिबिंब मी टाकलंच नव्हतं. विसरले होते. स्टुडिओत आठ वर्षं काढलेली बाई, पंजाखालची छाया मोजून देणारी, आणि समोर भरलेली बांधी असताना पाण्याकडे बघितलंच नाही.  पन्नास माणसं मला खोटं ठरवत होती तेव्हा इतकं वाईट वाटलं नव्हतं.

"चुकलं माझं," मी म्हणाले. "ते राहून गेलं."

"राहून गेलं म्हंजे?"

"बिबट वरून चिकटवला ना. पाण्यातला त्याचा फोटो वेगळा चिकटवावा लागतो. मी चिकटवला नाही."

दुलीचंदभाऊ टीव्हीजवळ आले. मला म्हणाले, "हळू चालवा." मी एकेक फ्रेम पुढं नेली. बिबट एकेक पाऊल चालला. पाण्यात खुंटा होता, बाई होती, गवत होतं. सगळी माणसं आता उठून टीव्हीजवळ आली होती. कुणाला काही समजावून सांगावं लागलं नाही. यातल्या प्रत्येकाने आयुष्यभर वाकून त्या पाण्यात स्वतःचं तोंड पाहिलं होतं.

"खोटा होय हा," दुलीचंदभाऊ म्हणाले.

"मी काय म्हणत होते मग!" मडावी मॅडम पहिल्यांदा मोठ्याने बोलल्या.

डरकाळी ऐकणारा माणूस म्हणाला, की त्याला आधीपासून शंका होतीच.

मग दुलीचंदभाऊ खेमराजकडे वळले. त्याला जे वाटत होतं तसं काही झालं नाही, मारलं कुणीच नाही. पण ऐकावं भरपूर लागलं. "माह्या बांधीत घुसला, इचारलं नाही. चार पेंड्या तुडवल्या. मी समजलो डुकरानं तुडवल्या. आन् तू गाईड! लोकायले जंगलात नियम सांगतो?"

खेमराज मान खाली घालून म्हणाला, "चूक झाली, भाऊ. मी आन् निर्मला, दोघं बी येतो रोवन्याले. जितके दिवस म्हनान तितके."

"आजच ये," सत्यकलाबाई म्हणाल्या. "तुह्याच पायी आमचा अर्धा दिवस गेला."

पण बाया लगेच निघाल्या नाहीत. मॅडमनी त्यांना थांबवलं. "आधी तार."

आम्ही पाच जण बांधीवर गेलो. तार धुऱ्याच्या कडेने ओढलेली होती, बारीक, गंजलेली, घोट्याएवढ्या उंचीवर. बांबूच्या लहान खुंट्यांना बांधलेली. हिरव्या गवतात ती मला दहा पावलांवरूनही दिसली नाही. मॅडमनी हात आडवा केला म्हणून मी थांबले. एक टोक विजेच्या खांबापाशी वेटोळं करून ठेवलं होतं. जोडलेलं नव्हतं. काल संध्याकाळी लाइन गेली होती, आणि ती आली तेव्हा उशीर झाला होता, म्हणून राहिलं, असं दुलीचंदभाऊ म्हणाले.

सत्यकलाबाई तारेकडे बघत उभ्या राहिल्या. "भाऊ, आमी रोज याच धुऱ्यानं येतो."

"सकाळी काढून घेतली असती."

"आमी कवा येतो, सांगा? तुमी उठाच्या आधी येतो."

दुलीचंदभाऊ खाली बसले. बसून त्यांनी पहिल्या खुंट्यावरची तार सोडायला घेतली.  खेमराज मदतीला गेला, त्याला त्यांनी नाही म्हटलं नाही. अर्ध्या तासात वेटोळं झालं. मॅडमनी ते आपल्या गाडीला बांधलं.

"मी बघितलंच नाही असं मला लिहिता येणार नाही, भाऊ," त्या म्हणाल्या. "रेंज ऑफिसला यावं लागेल."

"येतो," ते म्हणाले. त्यांना दोनदा जावं लागलं, लेखी द्यावं लागलं. त्यापुढं काय झालं ते मी विचारलं नाही.

दुपारी बाया बांधीत उतरल्या. खेमराज आणि निर्मला त्यांच्यात होते. खेमराजची ओळ वाकडी जात होती आणि बाया त्याला ते सांगत होत्या.

मी घरी आले आणि प्रतिबिंबाला बसले. बिबट कापलेला होताच. तो उलटा केला, पाण्याच्या जागी ठेवला, थोडा धूसर केला, रोपांच्या मागे घातला. रोपं मात्र एकेक कापावी लागली. दोन दिवस गेले. खेमराजने खोट्या व्हिडिओखाली खरं काय ते सांगणारा दुसरा व्हिडिओ टाकला. तो फार कुणी पुढं पाठवला नाही.

फिल्म पूर्ण झाल्यावर पहिल्यांदा त्याच समाजमंदिरात दाखवली. दुलीचंदभाऊंनी बोलावलं होतं. सत्यकलाबाई पुढं बसल्या होत्या. धुऱ्याचा शॉट आला, बिबट आला, खाली पाण्यातही आला. मी त्यांच्याकडेच बघत होते.

संपल्यावर मी विचारलं, "बाई, आता बरोबर आहे?"

"बिबट बरोबर आहे," त्या म्हणाल्या. "पन ती बाई पऱ्हे उलट्या हातानं लावून राहिली."

त्यावर रोटोत उपाय नव्हता. निर्मला म्हणाली, पुढच्या फिल्ममध्ये नीट लावीन.

माझं म्हणाल तर दोन गोष्टी बदलल्या. स्टुडिओत प्रत्येक प्रीव्ह्यूवर मधोमध मोठ्या अक्षरांत बनवणाऱ्याचं नाव टाकायचा नियम होता. घरून काम करताना मी तो सोडून दिला होता, कारण क्लायंटला चित्र नीट बघायचं असतं. आता मी टाकते, आणि तक्रार आली तरी काढत नाही. दुसरं म्हणजे काम पाठवायच्या आधी, ज्या जागेचं दृश्य असेल तिथं रोज राबणाऱ्या माणसाला एकदा दाखवते. मासेमारीचा शॉट असेल तर आमच्याकडच्या तलावावर मासे धरणारे लोक आहेत. गॅरेजचा असेल तर वडील आहेत. त्यात एखादा दिवस जातो. हैदराबादहून मेल येतो, उशीर का होतोय. मी लिहिते, चेकिंग चालू आहे.